चौदा दिवसांचा इंटरव्ह्यू

बाई खुर्चीत बसून इंटरव्ह्यू घेतच न्हाईत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपली पदर नीट करून, लेकरू कडेवर घेऊन खुर्चीकडं बघून राहिले, बस म्हणतील मग बसू. लेकरांच्या संस्थेचं ऑफिस, त्यात चार खुर्च्या होत्या. एकीवर फायली, एकीवर लेकरांची टोपडी, एकीवर राजगिऱ्याच्या लाडवाचे डबे, अन् चौथीवर मांजर. बाई उभ्याच. साठीच्या असतील. उंच, वाळलेल्या, साडी वर खोचलेली, उजव्या मनगटावर पुरुषाचं मोठं घड्याळ. मला म्हणल्या, "चल."

मी म्हणलं, "कुठं वो?"

"इंटरव्ह्यूला आलीस ना? मग चल की."

अन् निघाल्या. नांदेडची ती स्टेशनामागची गल्ली, ऑटोवाले हॉर्न वाजवून राहिलेत, बाई पुढं अन् मी मागं, लेकरू घसरून राहिलं, चपलीचा अंगठा तुटायला आलेला, अन् बाई मागं न बघताच प्रश्न विचारून राहिल्या.

"भाकरी थापताना लेकरू रडलं तर आधी काय करतीस?"

मला आधीच्या लातूरच्या इंटरव्ह्यूत असलं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणलं, "थापलेली तव्यावर टाकते, मग लेकरू घेते."

"अन् तव्यावरची जळली तर?"

"ती मी खाते."

बाई रस्त्यातच थांबल्या. कमरेच्या पिशवीतून बारकी वही काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गेलं. चुकलं. लेकराला आधी घ्यायचं म्हणायला पायजे होतं, असल्या संस्थेत लेकराचंच म्हणायला पायजे. माझ्या तोंडाला कोरड पडली. बाई म्हणल्या, "खरं बोल, जल्दी बोल, पाणी पी." अन् पिशवीतली बाटली पुढं केली. हे त्यांचं ठरलेलंच वाक्य, ते मला नंतर कळलं. कलेक्टर ऑफिसातल्या साहेबालाबी त्या हेच म्हणायच्या, अन् बाटलीबी पुढं करायच्या.

बाई आधी सरकारी नर्स होत्या. तीस वर्षं खेड्याखेड्यांतून लेकरांची वजनं केली, मग नोकरी सुटल्यावर ही संस्था काढली. काम एकच. गावोगाव जायचं, लेकरं तोलायची, बारीक लेकरू दिसलं की त्याच्या मायशी बोलायचं, लई बारीक असलं तर दवाखान्यात न्यायचं. त्याच्यासाठी त्यांना बाया पायजे होत्या. खेड्यातल्या, लेकरवाल्या. आकडे वाचता आले म्हणजे झालं. मी नववीतून निघालेली, लग्न लावलं म्हणून. तर मी फॉर्मवर नववी लिहू का आठवी लिहू, ह्याच्यातच अर्धा तास घालवला.

त्या फॉर्मात आडनावाचा रकानाच नव्हता. मी कागद दोनदा उलटा करून बघितला. मला वाटलं, मला चुकीचा फॉर्म दिला. बाकी ठिकाणी आडनाव सांगितलं की समोरचा माणूस 'अच्छा' म्हणतो, ते 'अच्छा' मला लहानपणापासून पाठ झालतं. बाईला भीत भीत विचारलं तर म्हणल्या, "आडनावानं लेकराचं वजन वाढतंय का गं? वाढत असंल तर लिही." अन् मांजराला खुर्चीवरून न उठवता खाली बसून काटा पुसाय लागल्या.

लातूरचं सांगते, म्हणजे मी कामून एवढी भ्यालेली होते ते कळंल. बाईकडं यायच्या आधी मी लातूरला एका मोठ्या संस्थेत गेलते. काचेची खोली, आत तीन जण, थंड हवा. लेकरू आत न्यायचं न्हाई म्हणले, म्हणून बाहेर वाचमन काकापाशी बसवलं. मला काचेतून ते रडताना दिसून राहिलं, तोंड येवढं वासलेलं, पण आवाज येईना. बिलकुल आवाज न्हाई. अन् इकडं एक सर हसून विचारून राहिलेत, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" माझी नजर काचेवर. मी म्हणलं, "बाहेर, सर." ते तिघं एकमेकांकडं बघितले. एक मॅडम म्हणल्या, कळवू. आजपर्यंत कळवलं न्हाई.

अन् मला नोकरी पायजेच होती. हौस म्हणून न्हाई. माझं सासर उदगीरच्या पुढं, खेड्यात. मालक हैदराबादला फरशी बसवायच्या कामावर, पंधरा दिवसांतून एकदा फोन उचलायचे. घरी दोन म्हशी, पण दूध सगळं डेअरीला. सासू म्हणायची, "पोरीच्या जातीला दूध कशाला, भाताची पेज दे." लेकराला जुलाब लागायचे, थांबायचे, परत लागायचे. दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. मी दवाखान्याचं नाव काढलं की सासरे म्हणायचे, आपोआप होतंय. शेवटी मी माहेरी आले, लोह्याकडं. माय बाजारात भाजीला बसते, तिनं ठेवून घेतलं, पण भावजयीचं तोंड रोज एक इंच वाकडं. मग सासऱ्यांचा फोन आला. "नोकरी-बिकरी लागली असंल तर कागद दाखव. न्हाईतर पंधरा दिवसांनी धाकट्याला पाठवतो, पोरगी घेऊन गुमान ये."

तिकडं परत गेले तर लेकरू हाताला लागत न्हाई, येवढंच मला कळून राहिलं होतं. दुसरं काही सुचंना. जेवण गिळंना. संस्थेत बाया कामगारांना ऑफिसमागं राहायला एक खोली होती, हे ऐकल्यापासून मी रोज मनात त्या खोलीत चूल मांडायची अन् मोडायची.

आता बाईच्या हाताचं सांगायला पायजे.

बाई कुठलीबी वस्तू हातात घेऊन वजन सांगायच्या. कोथिंबिरीची जुडी, फायलींचा गठ्ठा, लग्नातला आहेर, काहीबी. बाजारात तर त्या गेल्या की भाजीवाल्या बाया पाटीवर पदर टाकायच्या, "आली गं, काटा आली." एकदा एका साहेबाच्या टेबलावरची आमच्याच कामाची फाईल त्यांनी उचलली, हातात दोनदा झेलली अन् म्हणल्या, "एक किलो शंभर. अन् काम? खाली हवा." साहेब हसले म्हणे, पण सही केली.

लेकरू मात्र त्या झेलायच्या न्हाईत. दोन्ही हातांत घ्यायच्या, डोळे मिटायच्या, अन् कानडीत बोलायच्या, कारण त्याबी उदगीरकडच्याच. "बा पुट्टी, बा, बा." म्हणजे ये गं बारके, ये. लेकरू गप व्हायचं. मग आकडा सांगायच्या अन् त्याच्यानंतरच लेकरू काट्याला अडकवायच्या. बॅटरीचा काटा, छताच्या कडीला लटकवलेला, खाली कापडाची झोळी. काटा अन् बाई कधी चुकायचे न्हाईत. बाया म्हणायच्या, बाईनं सांगितल्यावर काट्यालाच भ्या वाटतंय.

तर चालत चालत इंटरव्ह्यू झाला, परत ऑफिसात आलो, अन् बाई म्हणल्या, "उद्या दहाला ये. लेकरू घेऊन. माझ्याकडं कामाला येणारी बाई आधी स्वतःचं लेकरू तोलून घेती."

जिचं स्वतःचं लेकरू असं काडीवाणी, तिला दुसऱ्याच्या मायांना शिकवायला कोण ठेवंल? गावोगाव लोक म्हणतील, आधी तुझी बघ. सगळी वाट मी रडत लोह्याला आले. अन् सकाळी निघताना मायच्या भाजीच्या पाटीतलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप उचललं अन् पिशवीत टाकलं.

दुसरं कुणी काय केलं असतं मला ठाऊक न्हाई. मी भाजीवालीची पोरगी, मला तेवढंच सुचलं.

ऑफिसात बाईनं लेकराला घेतलं. मी मधीच म्हणलं, "बाई, झोळीत माझं दुपटं टाकू का? नवीन कापडात ती रडती." म्हणल्या, टाक. मी दुपटं झोळीत टाकलं, बाईनं बटण दाबून काटा शून्यावर आणला, अन् त्यांनी डोळे मिटल्यावर मी ते माप दुपट्याच्या घडीत सरकवलं. बाई डोळे मिटून उभ्या. "वाळे काढ तिचे," म्हणल्या. काढले. "बा पुट्टी, बा." मग डोळे न उघडता म्हणल्या, "सहा किलो आठशे."

अन् लेकरू झोळीत ठेवलं.

काट्यावर सात दोनशे साठ.

बाई बघतच राहिल्या. लेकरू काढलं, परत घेतलं, डोळे मिटले. "सहा आठशे," म्हणल्या, जरा हळू. परत ठेवलं. सात दोनशे साठ. मग दुपट्यासकट लेकरू माझ्याकडं दिलं. मी माप दुपट्यात आवळून छातीशी धरलं. बाईनं काटा परत शून्यावर आणला अन् स्वतःचा जेवणाचा डबा रिकाम्या झोळीत ठेवला. डब्याचं वजन त्यांना ठाऊक होतं. काटा बरोबर निघाला.

मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या न्हाईत. मांजराला उचललं, खाली ठेवलं, अन् खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना खुर्चीत बसलेलं बघितलं. दोन्ही हात मांडीवर उलटे करून तळव्यांकडं बघून राहिल्या. जसं काही त्यांचं न्हाईतच ते हात.

"काटा बरोबर हाय," म्हणल्या. "म्हणजे माझं गेलं. वय झालं."

मी मनात म्हणलं, गप बस, गप बस, आकडा चांगला आलाय, पंधरा दिवसांतला एक गेलाय, गप बस. बाई म्हणल्या, "तीस वर्षं मी मायांना सांगितलं, तुझं लेकरू बारीक हाय. त्याच्यातलं किती येळा मी चुकीचं सांगितलं असंल गं?"

तो आवाज मला सहन झाला न्हाई. मी दुपट्याची घडी उघडली अन् माप त्यांच्या समोर टेबलावर ठेवलं. ठण्ण झालं. मला रडू फुटलं, लेकरूबी रडाय लागलं, मी म्हणून राहिले, "बाई, तुमचं बरोबर हाय, तुमचं बरोबर हाय, मला हाकला पण तुमचं बरोबर हाय."

बाईनं मापाकडं बघितलं. माझ्याकडं न्हाई. बोटावर हिशोब केला अन् कपाळाला आठ्या घातल्या.

"सात दोनशे साठातून पाचशे गेले तर सहा सातशे साठ राहातंय. मी सहा आठशे म्हणले. चाळीस ग्राम कुठंयत?"

मी रडता रडता थांबले. बाई ताडकन उठल्या, मापच झोळीत ठेवलं. चारशे साठ.

"हॅट!" बाई हसल्या, येवढ्या मोठ्यानं की मांजर बाहेर पळालं. "कुणाचं माप हे?"

"मायचं. बाजारातलं. आजोबाच्या टायमाचं हाय वो, झिजलं असंल..."

"झिजलं म्हणे! मायला सांग, बाईनं पकडलं. सहा आठशे म्हणजे सहा आठशे!" आनंदानं त्यांनी लेकराचा मुका घेतला, अन् मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. लेकराचा दंड दोन बोटांत धरला. पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला, तो भरंना. म्हणल्या, "दीड वर्षाची ना? सहा आठशे. पोरी, तू काट्याला फसवत नव्हतीस. हिलाच दवाखान्याच्या दारातून माघारी नेत होतीस."

"अन् माझी नोकरी?" मी विचारलं. आता मला लाज वाटती, पण तवा तेच तोंडातून निघालं.

"इंटरव्ह्यू संपला म्हणून मी कुठं म्हणले?"

मग त्यांनी ऑटो थांबवला, अन् लेकरू स्वतःच्या मांडीवर घेऊन आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कुपोषित लेकरांचा वेगळा वॉर्ड असतो. डॉक्टर म्हणले, चौदा दिवस. साडेसात किलोच्या वर गेली, भूक लागली, सूज उतरली, तर सोडू. मी खाटेवर बसले अन् दिवस मोजाय लागले. सासऱ्यांचे पंधरा दिवस अन् डॉक्टरांचे चौदा, दोन्ही एकाच दिवशी संपून राहिले होते.

त्या चौदा दिवसांत बाई रोज यायच्या. दूध किती पाजलं, किती ओकली, लघवी किती येळा, सगळं विचारायच्या. मी पाठ करून ठेवायचे. सासऱ्यांच्या फोनचं, कागदाचंबी मी तवाच त्यांना सांगून टाकलं. मग कामाचे प्रश्न. "समोरच्या खाटेवरची बाई लेकराला बिस्कीट देऊन राहिली, नर्सनं नको म्हणलंय. तू काय करशील?" मी म्हणलं, मी सांगीन तिला. "मग जा की, सांग." मी गेले, सांगितलं, ती बाई माझ्या अंगावर आली, "तू कोण गं शहाणी?" मी माघारी आले. बाई म्हणल्या, "परत जा. ह्या टायमाला आधी तिच्या लेकराचं नाव विचार." विचारलं. ती बाई अर्धा तास बोलली. बिस्किटाचा पुडा तिनं स्वतःच मला दिला.

"मला घाबरट बायाच पायजेत," बाई म्हणायच्या. "धीट बाया नुसत्या बोलतात. घाबरट बाई आधी समोरच्याचं तोंड बघती."

बाई आता थकल्यात. उदगीरला भाचीकडं असतात, कानाला नीट ऐकू येत न्हाई. फोन केला की 'कशी हायेस' न्हाई, 'कोण बोलतंय' न्हाई, एकच ओरडतात, "किती भरली?" पोरगी चौथीत गेली आता. मी आकडा सांगते. त्या म्हणतात, "फोनवर मला काय कळतंय, आणून दाव." दिवाळीत नेते मी. त्या तिला उचलायला बघतात अन् ती लाजून पळती.

तर चौदावा दिवस.

लोह्याला मायकडं विचारून सकाळीच धाकटे भाऊजी वॉर्डात आले. दारातच उभे, गाडीची चावी बोटात फिरवून राहिलेत. "वहिनी, आवरा. आईनं बोलावलंय. पोरगी तर चांगली दिसून राहिली." खरंच दिसून राहिली होती. सूज उतरली होती, खाटेची दांडी धरून उभी राहायची. मला हसू यायला पायजे होतं अन् मला घाम फुटून राहिला होता.

बाई आल्या. काटा खिडकीच्या गजाला अडकवला, झोळी लावली. मी लेकरू त्यांच्या हातात द्यायला गेले तर मागं सरकल्या. "आज मी उचलणार न्हाई. तू तोल. तू वाच. मी तिकडं बघते." अन् पाठ करून खिडकीबाहेर बघाय लागल्या.

मी झोळीत लेकरू ठेवलं. आकडे फिरले, थांबले. सात पाचशे वीस.

कुणीच बघत नव्हतं. भाऊजी दारात, बाईची पाठ माझ्याकडं, नर्स लांब. मी सात चारशे म्हणले असते तर अजून चार दिवस मिळाले असते. वॉर्डात राहिले असते. चार दिवसांत काहीतरी झालं असतं. सात पाचशे वीस म्हणलं की सुट्टी, अन् भाऊजींची गाडी खाली उभीच हाय. माझ्या जिभेवर चारशे आलं होतं, खरं सांगते. लेकरू झोळीतून माझ्याकडं बघून हसलं.

"सात पाचशे वीस," मी म्हणलं.

"मोठ्यानं."

"सात पाचशे वीस!"

बाई वळल्या. काट्याकडं बघितलंच न्हाई. संस्थेची वजनाची वही काढून माझ्यापुढं धरली. लेकराचं नाव, मायचं नाव, वजन, अन् शेवटी 'वजन घेणारी'. "भर, अन् सही कर."

"मी? मी तर माय हाय वो."

"माय ते तिकडं लिही. इकडं सही कर."

मी पेन धरला. सही अशी वाकडी आली की अजून ती वही बघितली की मला लाज वाटती. बाईनं वही माझ्या हातातून घेतली, सरळ भाऊजींपाशी नेली अन् त्यांच्या नाकापुढं उघडी धरली. "तुमच्या वडलांना कागद पायजे होता ना? बघा. आजपासून ही आमच्याकडं कामाला हाय. राहायला खोली हाय. पोरगी तिच्यापाशी राहातीय, अन् दर आठवड्याला तोलली जातीय."

भाऊजी म्हणले, "पण आईनं तर..."

"आईला म्हणावं, इकडं या, चहा घ्या." मग माझ्याकडं वळून, जसं काही झालंच न्हाई, "काय बघून राहिलीस? सहा लेकरं तोलायची राहिलीत."

भाऊजी दारातच होते. मला त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई. मी माझ्या लेकराला खाटेवर ठेवलं अन् शेजारच्या खाटेपाशी गेले. तिथली माय कालच आली होती, लेकराला पदराखाली लपवून बसलेली, देईना.

मी तिच्यापाशी खाली बसले अन् विचारलं, "नाव काय ठेवलंस गं ह्याचं?"